पाणचक्कीत ख्रिस्ती सेवाकेंद्र: इंग्लंडमधली जुनी गिरणी उभी करून चालती ठेवण्यासाठी

इंग्लंडमध्ये एखादी ख्रिस्ती संस्था जुनी पाणचक्की हाती घेते आणि तिथे सभागृह, चहापाण्याची जागा, मुलांचे वर्ग, प्रार्थनेची खोली असं केंद्र उभं करते. बऱ्याचदा पहिली चूक आराखड्यातच होते. यंत्र काचेआड बघायला ठेवायचं आणि उरलेली इमारत लोकांना द्यायची, असं ठरतं. पण थांबलेली गिरणी वेगाने खराब होते. लाकडी चाक एकाच जागी उभं राहिलं की खालचा भाग पाणी पिऊन फुगतो, वरचा वाळतो आणि चाक एका बाजूला जड होतं. मग ते फिरवलं की आस आणि बेअरिंग दोन्हींवर हिसके बसतात. म्हणून दळण आणि सेवा यांचा विचार पहिल्या दिवसापासून एकत्र करा. दळणाला माणसं लागतात आणि ती माणसं केंद्रातूनच मिळतात.

कागद आधी, हातोडा नंतर

इमारत संरक्षित यादीत आहे का आणि कोणत्या श्रेणीत आहे, हे सर्वांत आधी पाहा. ग्रेड एक, ग्रेड दोन-तारांकित आणि ग्रेड दोन अशा तीन श्रेणी असतात. यादीत इमारत असली की तिच्यात पक्की बसवलेली यंत्रसामग्रीही सहसा संरक्षणात येते: चाक, दातेरी चक्रं, दगड, पोती वर ओढण्याची यंत्रणा. इमारतीच्या वैशिष्ट्यावर परिणाम होईल असा कोणताही बदल ‘लिस्टेड बिल्डिंग कन्सेंट’शिवाय करणं १९९० च्या कायद्याने फौजदारी गुन्हा आहे. या अर्जाला शुल्क नाही, त्यामुळे तो टाळायला पैशाचं कारण उरत नाही. आधीच्या मालकाने परवानगीशिवाय केलेलं कामही दुरुस्त करून देण्याची नोटीस आजच्या मालकावर निघू शकते आणि त्याला कालमर्यादा नाही. खरेदी किंवा भाडेकरार करण्यापूर्वी जुने फोटो आणि मंजुरीची कागदपत्रं समोर ठेवून खोलीखोली ताडून पाहा. रेडिंगच्या मिल्स आर्काइव्हमध्ये गिरण्यांची जुनी छायाचित्रं आणि रेखाटनं जतन केलेली आहेत, तिथे विचारा. १८७७ साली स्थापन झालेल्या, जुन्या इमारती जपणाऱ्या एसपीएबी (सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ एन्शंट बिल्डिंग्ज) संस्थेचा गिरण्यांसाठी स्वतंत्र विभाग आहे, त्यांचा सल्लाही याच टप्प्यावर घ्या.

वापर बदलण्याची परवानगी वेगळी लागते. नियोजन नियमांत इमारतींच्या वापराचे वर्ग ठरलेले आहेत: सार्वजनिक उपासना एफ१ वर्गात, स्थानिक लोकांसाठीचं सभागृह एफ२ वर्गात, चहापाण्याची जागा ई वर्गात मोडते. अर्जात फक्त ‘सभागृह’ लिहून नंतर दर रविवारी उपासना आणि रोज कॅफे सुरू केला तर तक्रारीला जागा राहते. मिश्र वापर हवा असेल तर तसं स्पष्ट लिहा.

संस्थेचं रूप म्हणून सीआयओ, म्हणजे चॅरिटेबल इनकॉर्पोरेटेड ऑर्गनायझेशन, बहुतेक ठिकाणी योग्य ठरतं. मालमत्ता संस्थेच्या नावावर राहते. साध्या विश्वस्त निधीत ती विश्वस्तांच्या नावावर असते आणि एक विश्वस्त बदलला तरी कागद हलवावे लागतात. उद्दिष्टांच्या कलमात मात्र घाई नको. ‘ख्रिस्ती धर्माचा प्रसार’ एवढंच लिहिलं तर वारशाच्या जतनासाठी पैसे देणारे मागे सरकतात. ख्रिस्ती धर्माची वाढ, ऐतिहासिक गिरणीचं जतन व लोकशिक्षण, आणि परिसरातल्या गरजूंना मदत ही तीन उद्दिष्टं स्वतंत्र वाक्यांत लिहा. धर्मादाय संस्थांचं नियमन करणाऱ्या चॅरिटी कमिशनला प्रत्येकाचा सार्वजनिक लाभ दाखवावा लागतो. विश्वस्त किमान तीन असावेत, एकमेकांचे नातलग नसावेत, आणि त्यांतल्या एकाला तरी इमारतीतलं कळत असावं.

वटवाघळांचं सर्वेक्षण पुढे ढकलू नका. इंग्लंडमधल्या सगळ्या जातींना कायद्याचं संरक्षण आहे. संध्याकाळी बाहेर पडणारी वटवाघळं मोजण्याचा हंगाम साधारण मे ते सप्टेंबर असतो. तो हुकला तर छपराचं काम एक वर्ष मागे पडतं.

इमारत: पाणी बाहेर, वारा आत

पहिला खर्च छप्पर, पन्हळी आणि पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या नळांवर करा. भिंतीतली बहुतेक ओल इथूनच येते. नंतर सांध्यांकडे वळा. विसाव्या शतकात सांध्यांत भरलेलं सिमेंट हाताने छिन्नीने काढा, ग्राइंडरने दगडाच्या कडा तुटतात. सिमेंट पाणी आत अडकवतं, थंडीत ते गोठतं आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. त्याजागी हायड्रॉलिक चुना वापरा: साधारण भिंतीला एनएचएल (नॅचरल हायड्रॉलिक लाइम) २ किंवा ३.५, चाकाच्या खळग्यात जिथे सतत पाणी उडतं तिथे एनएचएल ५. प्रमाण १ भाग चुना, अडीच भाग खरखरीत, लहानमोठ्या कणांची धुतलेली वाळू. तापमान ५ अंशांखाली जाण्याची शक्यता असेल तर चुन्याचं काम हाती घेऊ नका. भरलेल्या सांध्यांवर ओलं गोणपाट टांगून काही दिवस ते ओलं ठेवा. चुना झटपट वाळला की भुगा होऊन गळतो, आणि दोष मग चुन्याला दिला जातो.

तुळया तपासताना ओल मोजायचं यंत्र भिंतीत घुसलेल्या टोकाशी लावा, मधोमध नव्हे. लाकडात २० टक्क्यांहून जास्त ओल असेल तर बुरशीला वाव मिळतो. जुन्या ओकमध्ये डेथवॉच नावाचा भुंगा असतो. तोही ओलसर टोकांतच जास्त फोफावतो. औषध फवारण्यापेक्षा ओलीचं मूळ बंद करणं जास्त टिकतं. कुजलेलं टोक कापून तिथे नवा ओक जोडता येतो, पूर्ण तुळई बदलण्याची गरज क्वचितच पडते.

मजले धान्याच्या पोत्यांसाठी बांधलेले असतात म्हणून ते गर्दीही पेलतील, हा समज धोक्याचा आहे. पोती भिंतीलगत, तुळयांवर ठेवली जात. माणसं मधोमध जमतात आणि गाताना एकाच ठेक्यावर हलतात. दाटीने उभ्या गर्दीसाठी स्ट्रक्चरल इंजिनिअर दर चौरस मीटरला ५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ५०० किलो, एवढा भार धरतात. बहुतेक गिरण्यांचे वरचे मजले मजबुतीकरणाशिवाय हे पेलत नाहीत. मोठं सभागृह तळमजल्यावर किंवा शेजारच्या नव्या जोडइमारतीत ठेवा, दळणाचे दगड असलेल्या मजल्यावर बायबल अभ्यासासारखे छोटे गट बसवा. प्रत्येक मजल्यावर किती माणसं चालतील याची पाटी जिन्याच्या तोंडाशी लावा.

पोती वर ओढण्यासाठी मजल्यांत दोन झडपांची दारं असतात. पोतं खालून आलं की ती वर उघडतात आणि आपोआप मिटतात. त्यांवर माणूस उभा राहू शकतो असं दिसतं, पण बिजागऱ्या शंभर वर्षांच्या असतात. लोक आत असताना ती दारं वरून पट्टी टाकून कुलूपबंद ठेवा. जिने शिडीसारखे उभे असतात, त्यामुळे २००५ च्या अग्निसुरक्षा आदेशाप्रमाणे धोक्याचं मूल्यमापन करताना वरच्या मजल्यावरून सुटकेचा दुसरा मार्ग हा कळीचा प्रश्न ठरतो. तो सुटला नाही तर वरचा मजला फक्त लहान गटांना, सोबत मार्गदर्शक ठेवून दाखवा.

उष्णतेबाबत आमचं मत ठाम आहे: बसण्याच्या खोल्या गरम करा, यंत्राचे मजले थंडच ठेवा. मध्यवर्ती हीटिंगने दातेरी चक्रांतले लाकडी दाते वाळून आकसतात, खोबणीत ढिले होतात आणि चालताना निसटतात. दोन्हींमध्ये नीट मिटणारं दार हवं. नदी आत येऊ शकते हे गृहीत धरून तळमजल्याची वीज वरून खाली आणा, सॉकेट कमरेच्या वर बसवा, जिप्समऐवजी चुन्याचा गिलावा करा. पूर ओसरल्यावर चुन्याची भिंत सुकते, जिप्समची फोडून टाकावी लागते.

पाणी

नदीतून दिवसाला २० घनमीटरपेक्षा जास्त पाणी वळवायचं असेल तर एन्व्हायरन्मेंट एजन्सीचा परवाना लागतो. सेकंदाला ०.२ घनमीटर घेणारं चाक एवढं पाणी १०० सेकंदांत वापरतं. पाणी पुन्हा नदीतच जात असलं तरी परवान्याचा प्रश्न सुटत नाही. ईल माशांसाठी २००९ चे वेगळे नियम आहेत. चाकाकडे येणाऱ्या पाण्यावरच्या जाळीच्या गजांमधलं अंतर किती ठेवायचं हे एजन्सीकडून लेखी घ्या आणि मगच लोखंडकाम करा.

ताकदीचा हिशोब सोपा आहे. सेकंदाला येणारे घनमीटर, गुणिले पाणी पडण्याची उंची मीटरमध्ये, गुणिले ९.८१. सेकंदाला ०.३ घनमीटर पाणी ३ मीटरवरून पडत असेल तर ८.८ किलोवॅट होतात. चाक आणि चक्रांतली घट धरून ६० टक्के हाती आले तर ५.३ किलोवॅट. दगडांची एक जोडी चालवायला हे पुरतं. वरून पाणी घेणाऱ्या ४ मीटर व्यासाच्या चाकाचा काठ सेकंदाला दीड मीटर वेगाने फिरला तर मिनिटाला सात फेरे होतात. दगड मिनिटाला १२० फेरे फिरायला हवा, म्हणजे चक्रांची साखळी वेग सुमारे १७ पट वाढवते. म्हणूनच चाकाशी झालेला लहानसा अडथळा दगडाशी मोठा धक्का होऊन पोहोचतो, आणि कचरा अडवणारी जाळी साफ ठेवणं हे गिरणीतलं सर्वांत महत्त्वाचं कंटाळवाणं काम आहे. पानगळीत ती दिवसातून दोनदा पाहा.

दळण नसलं तरी आठवड्यातून एकदा चाक अर्धा फेरा फिरवून ठेवा. लोखंडी चक्रांत बसवलेले लाकडी दाते सफरचंदाच्या किंवा हॉर्नबीमच्या लाकडाचे असतात. लोखंडाला लाकूड भिडल्याने आवाज कमी होतो, ठिणगी पडत नाही, आणि काही अडकलं तर चक्राऐवजी एक दाता तुटतो. त्यांना तेल लावू नका, लाकूड मऊ पडतं. मेण किंवा चरबी चालते. मूळ दात्याचा साचा जपून ठेवा आणि वाळवलेल्या लाकडाचे डझनभर दाते तयार ठेवा.

दगडांना टाकी लावणं

इंग्लंडमध्ये दोन प्रकारचे दगड आढळतात. डर्बीशायरचा दगड अखंड असतो, भरड दळणाला बरा. फ्रेंच बर हा पॅरिसच्या पूर्वेकडच्या ला फेर्ते-सू-जुआर भागातला गारेसारखा कठीण दगड. त्याचे तुकडे जोडून, लोखंडी पट्ट्या चढवून, मागे प्लास्टर ऑफ पॅरिस ओतून पूर्ण दगड केलेला असतो. गव्हासाठी हाच घ्या. ४ फूट व्यासाचा दगड टनाच्या आसपास भरतो. दगड उचलण्यासाठी गिरणीत असलेली क्रेन, तिच्या कमानी आणि खिळे तपासल्याशिवाय त्याला हात लावू नका. उचललेल्या दगडाखाली कुणाचाही हात जाता कामा नये, आधी लाकडी ठोकळे सरकवा.

वरचा दगड उलटा करून ठेवल्यावर सरळ लाकडी पट्टीला गेरूचं पाणी लावा आणि ती दगडावर फिरवा. जिथे गेरू लागतो तो उंचवटा. तेवढाच टिपून काढा, पुन्हा पट्टी फिरवा. गेरू सगळीकडे फिका, सारखा उमटू लागला की पृष्ठभाग जमला. मग चऱ्या. प्रत्येक चरीची एक बाजू उभी आणि दुसरी उताराने वर येऊन सपाट भागाला मिळणारी असते. उताराची बाजू बोथट झाली असेल तर दळण कापलं जात नाही, चुरडलं जातं आणि पीठ तापतं. सपाट भागावर शेवटी बारीक समांतर रेघा मारतात. कुशल टाकी लावणारे इंचात १६ रेघा बसवत. सुरुवातीला आठ-दहा नीट आल्या तरी पुष्कळ. फ्रेंच बरची धूळ म्हणजे सिलिका. साधं कापड नाकाला बांधून चालणार नाही, बसेल असा चांगल्या दर्जाचा श्वसनमास्क आणि चष्मा लागतोच.

दगड परत बसवण्यापूर्वी त्याला फिरवणारा उभा आस खालच्या दगडाशी काटकोनात आहे का ते पाहा. आसाला आडवी काठी बांधा, टोकाला पिसाची दांडी अशी लावा की ती खालच्या दगडाला जेमतेम टेकेल, आणि आस हळू फिरवा. पीस पूर्ण फेरीत सारखंच टेकलं पाहिजे. एका बाजूला दाबलं गेलं आणि दुसऱ्या बाजूला सुटलं तर आसाच्या बुडाचं बेअरिंग सरकवावं लागतं. हे न करता दगड बसवला तर एका बाजूला भरड आणि दुसऱ्या बाजूला जळकं पीठ येतं, आणि माणसं उगाच धान्याला दोष देत राहतात. दोन दगडांमधलं अंतर मध्याशी जाड खाकी कागदाएवढं, काठाशी पातळ टिश्यू कागदाएवढं. टाकी लावल्यावर पहिलं दळण टाकून द्या, त्यात कच येते.

दळताना गव्हात १५ टक्क्यांहून जास्त ओल नको, नाहीतर चऱ्या पिठाने लिंपल्या जातात. हॉपरवर चुंबक ठेवा. आधी दगड थोडा वर उचला, घास सुरू करा, मग पाण्याचं दार हळूहळू उघडा, आणि दगड फिरू लागल्यावर तो थोडाथोडा खाली घ्या. पीठ अंगठ्याने बोटांवर पसरून पाहा: कोमट लागलं तर ठीक, गरम लागलं तर दगड उचला किंवा घास वाढवा. धान्य संपत आलं की वाजणारी घंटी काढू नका. रिकामे दगड एकमेकांना भिडले की टाकी बोथट होते आणि ठिणग्या उडतात, आणि आजूबाजूला पिठाची धूळ असते जी पेट घेऊ शकते. झाडूने पीठ उडवू नका, पिठासाठी योग्य व्हॅक्यूम वापरा. पिठाची धूळ श्वासातून गेली तर दमा जडतो. आठ तासांची कायदेशीर मर्यादा दर घनमीटर हवेत १० मिलिग्रॅम आहे, पण तिच्या पुष्कळ खालीच राहा.

पीठ विकायचं किंवा कॅफेत वापरायचं तर सुरुवातीच्या किमान २८ दिवस आधी स्थानिक परिषदेकडे अन्नव्यवसाय म्हणून नोंदणी करा. १९९८ च्या नियमांनी गव्हाच्या पिठात कॅल्शियम कार्बोनेट, लोह, थायमिन आणि नायसिन घालणं बंधनकारक केलं, संपूर्ण गव्हाचं पीठ त्यातून वगळलेलं आहे. चाळून पांढरं पीठ विकायचा विचार असेल तर आधी परिषदेच्या अन्न अधिकाऱ्याकडून सध्याची तरतूद समजून घ्या. पिशवीवर गहू हा ॲलर्जीचा घटक ठळक छापा.

प्रभुभोजनाच्या भाकरीसाठी आसपासच्या चर्चच्या मंडळ्यांना पीठ देणं ही या जागेला शोभणारी सेवा आहे. तरीही आधी विचारा. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये उत्तम, शुद्ध गव्हाचं पीठ अपेक्षित आहे आणि भाकर खमिराची किंवा बेखमीर चालते. कॅथलिक चर्चमध्ये ती गव्हाची आणि बेखमीरच लागते.

माणसं

चाक फिरत असताना किमान दोन प्रशिक्षित स्वयंसेवक हवेत, एक दगडाशी, दुसरा पाण्याच्या दाराशी हाक ऐकू येईल असा. दार बंद केल्यावरही चाकाच्या कप्प्यांत पाणी उरतं आणि चाक काही वेळ फिरत राहतं. त्यामुळे ‘कुणी अडकलं तर पाणी बंद करू’ ही सुरक्षा पुरेशी नाही. फिरत्या भागांना जाळीचं कुंपण हवंच, आणि मुलाचं बोट आत जाणार नाही इतकी ती बारीक हवी. गिरणीचा आवाज जमिनीतून पसरतो. दळणाची वेळ आणि प्रार्थना, समुपदेशन, वृद्धांचं जेवण यांची वेळ एकाच वेळापत्रकावर, एकाच माणसाकडे ठेवा.

मुलांच्या वर्गांसाठी सुरक्षा धोरण, नेमलेली जबाबदार व्यक्ती आणि भूमिकेप्रमाणे डीबीएस तपासणी (गुन्हेगारी नोंदींची सरकारी तपासणी) लागते. मुलांच्या संरक्षणासाठी काम करणाऱ्या एनएसपीसीसी संस्थेने सुचवलेलं प्रमाण पाळा: ४ ते ८ वर्षांच्या सहा मुलांमागे एक मोठा माणूस, ९ ते १२ च्या आठांमागे एक. यंत्राच्या मजल्यावर जाताना त्यात एकाची भर घाला.

दाराशी येणाऱ्याला चहा, जेवण, ऊब प्रार्थनेच्या अटीशिवाय द्या. प्रार्थना मागितली तर मनापासून करा. कर्जाच्या सल्ल्याबाबत मात्र सावध राहा. तो फायनान्शियल कंडक्ट ऑथॉरिटीच्या नियंत्रणाखालचा व्यवहार आहे. अधिकृत संस्थेशी जोडून घ्या, तोवर स्वयंसेवकाने फक्त योग्य जागी पाठवावं. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात (२४:६) जात्याची तळी गहाण घेऊ नये असं सांगितलं आहे. कर्जसल्ल्याच्या खोलीच्या भिंतीवर हे वचन लावायला यापेक्षा योग्य इमारत मिळणार नाही.

सभागृह भाड्याने देण्याचं धोरण पहिली विचारणा येण्याआधी लिहून ठेवा. २०१० च्या समानता कायद्यात धार्मिक संस्थांना असलेल्या सवलती अरुंद आहेत, आणि ज्या संस्थेचा मुख्य हेतू व्यापारी आहे तिला त्या मिळत नाहीत. मसुदा वकिलाला दाखवा.

पैसा

नॅशनल लॉटरी हेरिटेज फंड १० हजार ते १ कोटी पौंडांपर्यंत अनुदान देतो, पण धर्मप्रसाराला नाही. काही मंडळ्या जुगाराचा पैसा म्हणून तो सद्सद्विवेकाने नाकारतात. हा निर्णय विश्वस्तांनी अर्ज लिहिण्याआधी घ्यावा. अर्ज मंजूर झाल्यावर वाद सुरू झाला तर प्रकल्पही जातो आणि माणसंही.

करदात्याच्या देणगीवर गिफ्ट एड या करपरताव्याच्या योजनेतून प्रत्येक पौंडामागे २५ पेन्स मिळतात, त्यासाठी देणगीदाराचं घोषणापत्र हवं. भाड्याच्या रकमेवर ते मिळत नाही. प्रवेशशुल्कावर मिळतं, पण पाहुण्याने नेहमीच्या दरापेक्षा किमान १० टक्के जास्त देणगी दिली असेल किंवा त्याला वर्षभर मोफत प्रवेश दिला असेल तरच. पेटीतल्या ३० पौंडांपर्यंतच्या सुट्या देणग्यांसाठी वेगळी योजना आहे. वर्षाला ८,००० पौंडांपर्यंतच्या देणग्यांवर घोषणापत्र नसतानाही परतावा मिळतो, मात्र त्याच्या किमान एक दशांश एवढ्या देणग्या घोषणापत्र असलेल्या, गिफ्ट एडच्या असाव्या लागतात. धर्मादाय वापराच्या जागेला बिझनेस रेट्समध्ये, म्हणजे बिगरनिवासी इमारतींवरच्या स्थानिक करात, ८० टक्के सवलत असते, अर्ज परिषदेकडे करावा लागतो.

विमा बाजारभावाचा काढू नका, तशाच साहित्याने पुन्हा बांधण्याच्या खर्चाचा काढा. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये दर पाच वर्षांनी वास्तुविशारदाकडून इमारत तपासून घेण्याची पद्धत आहे. तीच गिरणीलाही लावा, आणि त्या तपासणीत चाक, आस, दार, जाळी यांसाठी गिरणीतलं कळणारा कारागीर सोबत घ्या. मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी देशभरातल्या गिरण्या लोकांना उघड्या असतात. त्याआधी महिनाभर ही तपासणी केली तर सापडलेला दाता किंवा फळी बदलायला वेळ राहतो.